थोरलीची शाळा, धाकट्याची अंगणवाडी

थोरली सहा वर्षांची, धाकटा तीन वर्षांचा. दोघांना कोठे घालावे, हा प्रश्न शाळा उघडण्याच्या सुमारास अनेक घरांत उभा राहतो. धाकट्याला सांभाळण्यासाठी थोरलीला घरी ठेवणे हा त्यावरील सर्वांत महाग उपाय होय. तिचे गेलेले वर्ष परत येत नाही.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. पुढे कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा त्यांनी एकत्र आणल्या. भावंड जवळ सुरक्षित असले, की थोरली निश्चिंत मनाने शिकते, हे त्यामागील सूत्र.

अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांच्या बालकांना पूर्वप्राथमिक शिक्षण व पूरक आहार मिळतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शासकीय शाळेत शिक्षण विनामूल्य आहे. वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही.

पालकांनी इमारतीपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात: दोन्ही ठिकाणांमधील अंतर, सुटण्याच्या वेळा आणि मुलांना समजणारी भाषा. शिक्षकांनीही, थोरले भावंड वारंवार गैरहजर राहत असल्यास, धाकट्याचे नाव अंगणवाडीत आहे काय, याची प्रथम चौकशी करावी.