कोल्हापुरी फस्त करणारं पिल्लू

प्रश्न : आमचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू साडेतीन महिन्यांचं आहे. दिवसातून चार-पाचदा हॉलमध्येच शू करतं. सोफ्याचा कोपरा आणि ह्यांची कोल्हापुरी चप्पलही कुरतडली. रागावून उपयोग होत नाही. काय करावं?

उत्तर : रागावणं आधी थांबवा. त्यातून ते एवढंच शिकतं, की तुमच्यासमोर करायची नाही. मग सोफ्यामागे जाऊन करतं. या वयात दिवसा तीन-साडेतीन तासांपलीकडे त्याला धरवत नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या. फरशी हुंगत गोल फिरू लागलं, की उचलाच! काम झाल्याबरोबर तिथेच खाऊ द्या. घरात आल्यावर दिलात तर तो कशाबद्दल, हे त्याला कळत नाही. डाग एन्झाइमच्या क्लीनरने पुसा. अमोनियाचा नको, त्याचा वास लघवीसारखाच येतो.

कुरतडण्याचं म्हणाल, तर दुधाचे दात पडताहेत, हिरड्या शिवशिवतात. सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत हे चालायचंच. फ्रीझरमध्ये गार केलेलं जाडसर गाजर द्या, पण समोर बसून. शिजवलेलं हाड मात्र अजिबात नको, त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात. आणि कोल्हापुरी म्हणजे शेवटी चामडंच. त्याच्या लेखी तुम्ही दारात खाऊच मांडून ठेवलाय. कपाटात ठेवा.