अधिकार हाती आल्यावर

नेता निवडताना तो शूर आहे, शिकलेला आहे, पैशाला शिवत नाही, एवढे आपण पाहतो. आणखी एक गोष्ट पाहावयास हवी. अधिकार हाती आल्यावर, त्याला 'नाही' म्हणण्याचा आपला हक्क तो शाबूत ठेवील काय?

शाळेत फ्रेंच राज्यक्रांती शिकविताना सें दोमिंग या फ्रेंच वसाहतीपर्यंत मी क्वचितच पोहोचतो, तास संपतो. आजचा हैती देश तो हाच. तेथील गुलामांनी १७९१ साली बंड केले. गुलाम म्हणून जन्मलेला तुसां लुव्हर्त्यूर त्यांचा नेता झाला. १७९८ साली त्याने इंग्रज फौजेलाही बेट सोडावयास लावले. अशा माणसावर कोण विश्वास टाकणार नाही?

१८०० साली त्याने हुकूम काढला की, मुक्त झालेल्या मजुराने मळा सोडून जावयाचे नाही. उत्पन्नाचा चौथा हिस्सा मजुरांना, पण शिस्त लष्करी. १८०१ च्या त्याच्या राज्यघटनेने गुलामगिरी कायमची रद्द केली, आणि त्याच घटनेने तो तहहयात गव्हर्नर झाला. वारस नेमण्याचा अधिकारही त्याचाच!

त्याची बाजूही ऐकली पाहिजे. साखर-कॉफी विकल्याखेरीज बंदुका मिळत नव्हत्या, आणि फ्रान्सची भीती खोटी नव्हती. पण ज्याला स्वतःचा जमिनीचा तुकडा हवा होता, त्या मजुराने आपले गाऱ्हाणे न्यावे कोठे? ऑक्टोबर १८०१ मध्ये उत्तरेकडील मजूर उठले. त्यांच्याविषयी सहानुभूती असलेला सेनापती मोईस हा तुसांचा मानलेला पुतण्या. तुसांने त्याला गोळ्या घालविल्या.

तुसां लबाड असता तर हा पाठ सोपा झाला असता. तो लबाड नव्हता. सज्जन माणसाच्या हातीही लगाम नसलेला अधिकार देऊ नये, हे म्हणूनच आपल्या गळी उतरत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत जॉन स्टुअर्ट मिलचा आधार घेऊन हाच इशारा दिला आणि राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते असे बजाविले. तो इशारा आपल्या माणसांनाही लागू आहे, असे मी समजतो.

१८०२ साली नेपोलियनची फौज उतरली. तुसांचे सेनापती एकेक करून तिला मिळाले. मे महिन्यात तुसांने शस्त्र ठेवले, जूनमध्ये त्याला दगा देऊन पकडले आणि ७ एप्रिल १८०३ रोजी तो फ्रान्समधील जू किल्ल्यात कैदेत वारला. पण गुलामगिरी परत येणार, ही कुणकुण लागताच १८०२ च्या उन्हाळ्यात मळ्यांवरचे मजूर आपण होऊन पुन्हा उठले होते. त्यांचे मोठमोठे सेनापती तेव्हा अजून फ्रेंचांच्या चाकरीत होते.