लोखंडाचे कवच

सह्याद्रीच्या कुशीत भोर आणि वेल्हे यांचा डोंगराळ मुलूख पसरलेला आहे. तोरणा आणि राजगड हे शिवकालाचे दोन साक्षीदार याच मुलखात उभे आहेत. आषाढ लागला की येथे पावसाची झड सुरू होते. डोंगर धुक्यात बुडून जातात, भातखाचरे तुडुंब भरतात आणि कित्येक दिवस सूर्याचे दर्शन घडत नाही. हा पाऊस भाताला जीवन देतो. परंतु घरावरचा पत्रा, नांगराचा फाळ आणि दाराची कडी यांना तो मुकाट्याने खात असतो. गंज ही त्याचीच खूण होय.

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने गंज निर्माण होतो. तो मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे फुगून त्याचे पोपडे निघतात. पोपडा गळला की आतील ताजे लोखंड उघडे पडते आणि तेही गंजू लागते. अशा रीतीने हा रोग आत आत शिरत जातो.

या रोगाची उपेक्षा करणे किती धोक्याचे आहे, हे धरणाकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. भोरजवळ भाटघर येथे वेळवंडी नदीवर मोठे धरण आहे. ते १९२८ साली पुरे झाले. त्याच्या जलाशयाला स्वराज्याचे शूर सेनानी येसाजी कंक यांचे नाव देण्यात आले आहे. येथे साठवलेले पाणी नीरा नदीच्या कालव्यांतून दूरच्या कोरडवाहू शेतांपर्यंत पोहोचते. धरणाची भिंत दगडी असते. तिला गंजाचे भय नाही. पण पुराचे पाणी सोडणारी दारे लोखंडी असतात. ऐन पुरात असे एखादे दार गंजून अडले, तर केवढा अनर्थ ओढवेल! म्हणून त्या लोखंडाला कवच घालणे अगत्याचे असते.

धातूला धातूचे कवच घालण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. पितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक कळकते, म्हणून अशा भांड्यांना कल्हई करीत. कल्हईवाला भांडे तापवून त्यावर नवसागर टाकी आणि कथलाचा पातळ थर फिरवी. लोखंडासाठी याहून उपयुक्त धातू म्हणजे जस्त. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून त्यावर थर चढविण्याच्या पद्धतीचे पेटंट १८३७ साली फ्रान्समधील सोरेल या अभियंत्याने घेतले. जस्ताचा गुण मोठा उदार आहे. थरावर लहानसा ओरखडा पडला, तरी जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचविते.

मात्र कोणताही थर, मग तो धातूचा असो वा रंगाचा, पूर्णपणे सलग नसतो. त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. पाणी आणि क्षार त्यांतूनच आत शिरतात. ही छिद्रे बुजवावीत कशी? येथे अतिसूक्ष्म कण शास्त्रज्ञांच्या साहाय्याला आले. त्यांना नॅनोकण म्हणतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. नॅनोकण सामान्यतः शंभर नॅनोमीटरांहून लहान असतो. माणसाचा केस मात्र सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो.

खाचराचा दगडी बांध रचताना शेतकरी मोठ्या दगडांमधील फटींत कपच्या बसवितो. नॅनोकणांचे काम तसेच आहे. सिलिका, जस्ताचे ऑक्साइड, ॲल्युमिनियमचे ऑक्साइड अशा पदार्थांचे कण रंगात मिसळतात. विजेच्या साहाय्याने मुलामा चढविताना ते द्रावणात घालतात. तेव्हा धातूबरोबर तेही थरात बसतात. त्यांच्या योगाने छिद्रे बुजतात आणि मुलाम्याची वीण घट्ट होते. पाण्याला सरळ वाट मिळत नाही. डोंगरातील पायवाटेप्रमाणे वळणे घेत त्याला जावे लागते. लोखंडापर्यंत पोहोचण्यास त्याला उशीर होतो आणि तेवढे लोखंडाचे आयुष्य वाढते.

परंतु येथे प्रमाणाचे भान हवे. हे कण एकमेकांना चिकटून गोळे बनवितात. कण फार झाले किंवा नीट विखुरले नाहीत, तर त्या गोळ्यांभोवती नव्या फटी पडतात. रक्षकच चोराला दार उघडून देतात! म्हणून कण थोडेच घ्यावे लागतात आणि ते सारखे पसरवावे लागतात. ही युक्ती साधण्यासाठी अनेक देशांत प्रयोग चालू आहेत. आपल्या देशातही तमिळनाडूमधील कारैकुडी येथे विद्युत-रसायनाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. १९५३ साली ती राष्ट्राला अर्पण झाली. धातूंची झीज हा तिच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय आहे.

कवच कितीही उत्तम असले, तरी ते अमर नसते. पावसाळ्यापूर्वी पत्रा तपासणारा गृहस्थ आणि धरणाच्या दारांची निगा राखणारा कामगार यांची दक्षता शास्त्रज्ञाच्या शोधाइतकीच मोलाची आहे. गंज लहानशा छिद्रातून शिरतो. त्याला तेथेच अडविले पाहिजे.

स्वाध्याय
१. गंज आत आत का शिरत जातो?
२. जस्ताला 'उदार' का म्हटले आहे?
३. 'रक्षकच चोराला दार उघडून देतात' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.