तेलशुद्धीकरण कारखान्याची जागा आणि तिचा शेजार

पांडेसरा येथील आमच्या सभासदांपैकी पुष्कळांचा उदीम सूत, कापड, रंगाई-छपाई किंवा त्यांस लागणारी रसायने यांचा आहे. कृत्रिम धाग्याचे व रंगद्रव्यांचे मूळ शोधीत गेल्यास आपण बहुधा खनिज तेलाच्या शुद्धीकरण कारखान्यापाशी जाऊन पोचतो. असे कारखाने कोठे व का उभारले जातात, आपल्याला जवळचा असा कोयलीचा कारखाना कसा उभा राहिला आणि त्याच्या परिसरात सहकुटुंब पाहण्यासारखे काय आहे, याचा थोडा अभ्यास आम्ही येथे करणार आहोत.

जागा कशी ठरते

साखरेचा कारखाना उसाच्या मळ्यांजवळ असतो, याचे कारण उघड आहे. उसाच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्साच साखर होऊन बाहेर पडतो. उरलेल्या वजनाचे भाडे दूरवर कोण भरील? खनिज तेलाचे तसे नाही. ते भट्टीत तापवून उंच मनोऱ्यात सोडले म्हणजे त्याच्या वाफा निरनिराळ्या उंचीवर थंड होतात आणि वायू, पेट्रोल, नॅफ्था, रॉकेल, डिझेल व तळाचा डांबरी गाळ असे भाग वेगळे होतात. यांतील बहुतेक सर्व विकले जाते. वजनात घट फारशी नसल्यामुळे कारखाना विहिरीजवळच असला पाहिजे असे बंधन राहत नाही. बंदर, रेल्वे, पाणी व बाजारपेठ या चार गोष्टी पाहून जागा ठरते.

आपल्या देशात याचे तिन्ही प्रकार आढळतात. आसामातील दिग्बोईचा कारखाना १९०१ मध्ये विहिरींच्या शेजारीच निघाला. मुंबईस तुर्भे-माहुल येथे १९५४ व १९५५ मध्ये जे दोन कारखाने सुरू झाले, ते परदेशी तेल घेऊन येणाऱ्या जहाजांसाठी बंदराजवळ उभारले गेले. कोयलीचा कारखाना या दोहोंच्या मधला म्हणावा लागेल.

कोयलीची निवड

१९५८ मध्ये खंभातजवळ लुणेज येथे तेल लागले आणि १९६० मध्ये अंकलेश्वर येथे. अंकलेश्वरच्या पहिल्या विहिरीस पंडित नेहरूंनी 'वसुधारा' हे नाव दिले. १९६१ पासून हे तेल रेल्वेच्या टाकीडब्यांतून तुर्भ्यास जाऊ लागले. म्हणजे आपल्या सुरतेवरूनच ते पुढे जात असे. परंतु तेल गुजरातचे आणि शुद्धीकरण मुंबईस, ही व्यवस्था कायमची असणे शक्य नव्हते. अंकलेश्वर दक्षिणेस, खंभात पश्चिमेस व अहमदाबादकडील तेलक्षेत्रे उत्तरेस, अशा स्थितीत बडोद्याजवळचे कोयली हे गाव सोयीचे ठरले. मुंबई-अहमदाबाद हा लोहमार्ग शेजारी आणि मही नदीही जवळ. सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने हे काम झाले. मे १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली व ऑक्टोबर १९६६ मध्ये राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी उद्घाटन केले. आरंभी वर्षाला २० लक्ष टनांची योजना होती. ती वाढत वाढत १३७ लक्ष टनांवर गेली. स्थानिक विहिरी तेवढ्यास पुऱ्या न पडल्याने कच्छच्या आखातातील सलाया बंदरापासून तेलवाहिनीने परदेशी तेलही येऊ लागले. विहिरीसाठी निवडलेली जागा अशा रीतीने बंदराशीही जोडली गेली.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या कारखान्याभोवती जमलेला गोतावळा. येथील बेंझीनपासून शेजारच्या गुजरात राज्य खत कंपनीत कॅप्रोलॅक्टम होऊ लागले, आणि कॅप्रोलॅक्टमपासून नायलॉन होते. पॉलिएस्टरचा कच्चा मालही याच तेलाच्या वंशातील. आपल्या यंत्रमागावरील नायलॉनच्या साडीचे कूळ ते हेच.

परिसरातील प्रेक्षणीय स्थळे

सुरतेहून बडोदे रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आहे. कारखान्यात परवानगीवाचून प्रवेश नसतो. परंतु परिसर पाहण्यास दोन दिवसही अपुरे पडतील. खानदेश-नाशिककडून येऊन सुरतेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांस बडोदे परके वाटणार नाही. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा जन्म १८६३ मध्ये मालेगाव तालुक्यातील कवळाणे या गावी झाला. त्यांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १८९० चा लक्ष्मीविलास राजवाडा, सयाजीबाग व तेथील वस्तुसंग्रहालय ही मुलांस अवश्य दाखवावीत. मराठी साहित्य संमेलन बडोद्यास १९०९ मध्ये भरले होते, तसेच ते २०१८ मध्येही भरले.

सुमारे ५० किलोमीटरवर चांपानेर-पावागड आहे. गडावर जुनी जैन मंदिरे व कालिकामातेचे देऊळ असून पायथ्याशी सुलतानांच्या राजधानीच्या मशिदी आहेत. २००४ मध्ये या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. डभोई येथील हिरा भागोळ या वेशीवरील कोरीव काम डोळे भरून पाहावे. उपाध्याय यशोविजयजी यांचा अंतकाळ याच गावी झाला. परतताना भरूच येथे उतरल्यास नर्मदेवरील १८८१ चा पूल व मुनिसुव्रतस्वामींचे तीर्थ यांचे दर्शन घडते.

शेजारधर्म

आता या अभ्यासाचा जो भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे वळू. जागा एकदाच निवडली जाते. शेजार मात्र रोज निभवावा लागतो. मुंबईस माहुल येथे पुनर्वसनासाठी पाठविलेल्या कुटुंबांनी हवेविषयी तक्रार केली व प्रकरण न्यायालयात गेले. त्यांस तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. कोयली येथे ११ नोव्हेंबर २०२४ रोजी बेंझीनच्या टाकीस आग लागून दोघांचे प्राण गेले. आणि आपल्या अगदी जवळ, सचिन येथे, ६ जानेवारी २०२२ रोजी टँकरमधील रसायन नाल्यात बेकायदा सोडले जात असता विषारी वायू पसरला व शेजारच्या कापड कारखान्यातील सहा कामगार मृत्युमुखी पडले.

या शेवटच्या घटनेकडे आम्ही सभासदांचे लक्ष विशेषेकरून वेधू इच्छितो. ते कामगार त्या रसायनाचे उत्पादकही नव्हते व ग्राहकही नव्हते. ते केवळ शेजारी होते. पांडेसरा येथे कारखाना, चाळ आणि खाडी यांमध्ये अंतर थोडे आहे. मोठ्या शुद्धीकरण कारखान्यास अग्निशमनाचे स्वतःचे दल असते व संकटकाळाची योजना लिहून ठेवावी लागते. लहान छपाई कारखान्यास तेवढे सामर्थ्य नसते. परंतु काही गोष्टी त्यासही सहज करता येतील. घातक कचरा बाहेर जाताना त्याबरोबर कायद्याने आवश्यक असलेला मॅनिफेस्ट आहे की नाही, हे मालकाने स्वतः पाहावे. नेहमीच्या दराहून फार स्वस्तात कचरा उचलणारा टँकरवाला भेटला, तर तो कचरा कोठे रिता करणार, हे आधी विचारावे. पैसे वाचल्याचा आनंद मागाहून मानावा. रंगाचे व रसायनांचे पिंप रात्रपाळीच्या कामगारांच्या झोपण्याच्या जागेजवळ ठेवू नयेत. बाहेर पडण्याची वाट मालाच्या गठ्ठ्यांनी अडवू नये.

मालाची पारख, भावाचा अंदाज आणि जागेची निवड यांत आमचे बांधव कोणास हार जाणारे नाहीत. जमाखर्चाच्या वहीत शेजाऱ्याचा श्वास व खाडीचे पाणी यांनाही एक रकाना असावा, एवढीच पुस्ती आम्ही जोडतो. सभासदांनी कुटुंबासह एकदा बडोद्याचा प्रवास करावा, त्या कारखान्याचे मनोरे मुलांस दाखवावेत, आणि आपल्या अंगावरील कापड कोठून निघाले व ते होताना कोणाकोणाच्या दारावरून आले, हे त्यांस समजावून सांगावे.