मांजर, पोपट आणि मधलं दार

मांजराच्या पाठीवर ऐटीत बसलेल्या पोपटाचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. आमच्याकडे येणारा एक तरी पाहुणा तो मोबाईलवर काढून दाखवतो आणि विचारतो, "तुमचे का नाही असे राहत?" तो व्हिडिओ संपल्यावर पुढे काय झालं, हे मात्र त्यालाही ठाऊक नसतं.

आमचं घर साताऱ्याचं. घरात सरदार नावाचा बोका, मनी नावाची मांजरी आणि टिकली नावाची कॉकाटेल, म्हणजे पोपटाचीच एक जात. गालांवर केशरी ठिपके आहेत, म्हणून टिकली. आपला हिरवा राघू पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, हे इथेच सांगून ठेवते. कारण "आमच्या आजोळी होता की" म्हणणारे अजून भेटतात. कॉकाटेल मूळची ऑस्ट्रेलियाची, तिला ती बंदी नाही.

सुरुवातीचे महिने फार गोडीत गेले. सरदार पिंजऱ्याखाली तासन्‌तास पडून राहायचा आणि टिकली वरून त्याच्या अंगावर राळ्याची टरफलं उडवायची. आम्ही कौतुकानं म्हणायचो, बघा कशी गट्टी जमली. आता कळतं की तो बोका दबा धरून बसायला शिकत होता. पोटभर मासे खाल्लेलं मांजरही झडप घालतं, कारण शिकारीची ओढ भुकेवर अवलंबून नसते. पंखांची फडफड दिसली की त्याचं अंग आपोआप जमिनीला टेकतं. तिन्हीसांजेला आणि पहाटे तर ही ओढ सर्वांत जास्त.

आमच्याकडे ते तिन्हीसांजेलाच झालं. वीज गेली, आम्ही मेणबत्ती शोधत होतो, तेवढ्यात सरदार शिलाई मशीनवरून उडी मारून पिंजऱ्याला लटकला. टिकली घाबरून नेमकी त्याच्याच बाजूच्या गजांवर आपटली. वीज आली तेव्हा खाली शेपटीची पिसं पडली होती आणि पंखावर रक्ताचा एक थेंब होता. बाकी पक्षी ठीक. दांडीवर बसला होता, तुरा ताठ होता.

शेजारच्या काकू हळद-तूप घेऊन धावल्या. आमच्या भागात गाईम्हशींचे डॉक्टर चांगले आहेत, पक्ष्यांचा कोणी नाही. ज्यांना दाखवलं ते म्हणाले, रक्त थांबलंय, आता काळजी नको. मनाचं समाधान होईना म्हणून पुण्यातल्या पक्षितज्ज्ञ डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं ते एवढंच: "मांजराचा दात किंवा नख लागलं का?" हो म्हटल्यावर त्यांनी सकाळची वाट बघू दिली नाही. रात्रीच निघालो.

कारण असं की मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. चाटून चाटून ते नखांवरही येतात. मांजराला त्यांचा त्रास नसतो. पक्ष्याच्या रक्तात गेले तर एकदोन दिवसांत तो दगावू शकतो. जखम पिसांखाली टाचणीच्या टोकाएवढी असली तरी पुरते, बऱ्याचदा ती दिसतही नाही. त्यात पोपट आजारपण लपवतो. अंग फुगवून, डोळे मिटून बसला तोवर खूप उशीर झालेला असतो. म्हणून मांजराचा नुसता संशय असला तरी त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू व्हायला हवं, आणि तेही डॉक्टरांनी पक्ष्याच्या वजनावर ठरवलेलं. घरातली माणसांची गोळी चुरून देऊ नये.

नेताना पिंजरा नको. भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ फडकं घालून, अंधारात आणि उबेत न्यावं. तेल-तूप लावू नये. पिसं चिकटली की पक्ष्याला अंगाची ऊब धरता येत नाही. हातात धरताना छातीवर दाब तर मुळीच नको. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच त्याला श्वास घेता येतो. प्रेमानं घट्ट धरूनही तो गुदमरतो.

टिकली वाचली. त्यानंतर घराची मांडणी बदलली.

तिची खोली वेगळी झाली आणि त्या खोलीला आपोआप लागणारं दार बसवलं. नुसतं लोटलेलं दार मांजराला दार वाटतच नाही. पिंजऱ्याचं वर सरकणारं दार मांजर पंजानं उचलू शकतं आणि पोपट चोचीनं, म्हणून प्रत्येक दाराला किल्ल्यांच्या जुडग्याची दाबाची कडी लावली. पिंजरा भिंतीला लागून ठेवला, म्हणजे तिला एका बाजूनं तरी आधार वाटतो. आसपास स्टूल, कपाट, शिलाई मशीन काही नाही. रात्री बारीक दिवा असतो, कारण कॉकाटेल अंधारात दचकून पिंजऱ्यातच धडपडतात आणि खिडकीत हललेली मांजराची सावली त्याला पुरते.

टिकली बाहेर येते ती दार लावून, पंखा बंद करून, कोणीतरी माणूस खोलीत असताना. तिचे पंख मी कापू देत नाही. दुकानदार "माणसाळतो लवकर" म्हणून कापून देतात. पण ज्या घरात मांजर आहे तिथे उडता न येणाऱ्या पक्ष्याला पळायला जागाच उरत नाही.

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा प्रश्न आम्ही सोडवून पाहिला. बांधली. घंटा न वाजवता चालायला सरदार लवकरच शिकला.

दोघांची "हळूहळू ओळख करून द्या" हा सल्ला मी कुणाला देत नाही. कुत्र्याचं एक वेळ जमेल. मांजराला एकदाच मोह झाला तरी पोपटाचा जीव जातो, आणि मोठा पोपट असेल तर मांजराचा कान किंवा डोळाही जाऊ शकतो. एका खोलीचं घर असेल, मधे बंद करायला दार नसेल, तर दोघांपैकी एकच पाळावं.

आणि मांजरानं बाहेरून एखादा रानातला राघू जखमी करून आणला, तर तो घरी ठेवून घेऊ नका. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. घरच्या पक्ष्यासाठी मात्र पक्ष्यांवर उपचार करणारा जवळचा डॉक्टर कोण, तो रात्री फोन उचलतो का, हे आजच विचारून घ्या आणि नंबर फ्रिजवर चिकटवा.