नर्सबाईंचे मन कामात रमते का?

महिन्यातून एकदा आपल्या गावात लस टोचण्याचा दिवस असतो. नर्सबाई सकाळीच अंगणवाडीत येऊन बसतात. शेजारी लसीचा डबा, डब्यात बर्फ. लस २ ते ८ अंश थंडाव्यात राहिली तरच गुणकारी. गोवर-रुबेलाची कुपी एकदा उघडली, की ४ तासांनी उरलेली लस टाकून द्यावी लागते. आशाताई घरोघर निरोप देतात. "आलोच की" असं सगळे म्हणतात. दुपार होते. उरलेली लस फुकट जाते. आणि मग एक बाई पोराला कडेवर घेऊन धापा टाकीत येते.

त्या एका पोरासाठी नर्सबाई नवी कुपी उघडतात. नियमही तसाच आहे. पण त्यांच्या मनाला काय वाटत असेल?

कुणी म्हणेल, सरकारी पगार मिळतो, मनाचं काय घेऊन बसलात? आपल्या सालगड्याचंच पाहा ना. पैसा दोन्ही घरी सारखाच मिळतो. पण ज्या घरी त्याला मान आहे, तिथे तो न सांगता बांधावरचं तणही काढतो. नर्सबाईंचंही तसंच आहे. गरोदर बाईचा रक्तदाब पाहणं हे काम झालं. तिच्या पायांवरची सूज पाहून पुन्हा तिसऱ्या दिवशी तिच्या दारात जाणं, हे मन असेल तरच होतं. आणि कधीकधी त्यावरच बाळंतिणीचा जीव वाचतो.

सरकारी हिशेब असा आहे. सपाट मुलखात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक. म्हणजे एका उपकेंद्राकडे चार-पाच गावं सहज येतात. शेजारच्या उपकेंद्राची जागा रिकामी असली, तर तिथलं कामही पुष्कळदा त्याच बाईंच्या गळ्यात पडतं. दिवसभर पायपीट, आणि घरी आल्यावर रजिस्टरं भरायची. तेच पुन्हा मोबाइलवर भरायचं. तिथे रेंज नसली तर बसा माळावर जाऊन!

अशा बायांच्या तोंडून आम्ही जे ऐकलं, त्यात पगाराचं गाऱ्हाणं होतंच. कंत्राटावरच्या बाईंना तर पुढच्या साली काम राहील की नाही, याचा घोर असतो. पण जास्त बोलणं होतं ते दुसऱ्याच गोष्टींचं. राहायच्या खोलीला पाणी नाही, दाराला धड कडी नाही. कपाटात औषध नाही, आणि शिव्या मात्र आपण खायच्या. औषध वरून आलंच नाही, तर बाई कुठून देणार?

आशाताईंची गोष्ट आणखी निराळी. ही योजना २००५ साली सुरू झाली. साधारण १,००० वस्तीमागे एक आशा. नाव स्वयंसेविका, म्हणून ठरलेला पगार नाही, कामागणिक मोबदला. रात्री २ वाजता कळा सुरू झाल्या तर १०२ नंबरची गाडी बोलावून बाईबरोबर जायचं ते त्यांनीच. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. गौरव झाला खरा, पण त्याने घरातली चूल पेटत नाही. महाराष्ट्रातल्या आशा २०२१ साली आणि पुन्हा २०२३ साली संपावर गेल्या. त्यानंतर २०२४ साली राज्य सरकारने त्यांच्या मोबदल्यात महिना ५,००० रुपयांची वाढ मान्य केली. ती मागून घ्यावी लागली, हे ध्यानात ठेवा.

सगळ्याच नर्सबाई गुणी असतात, असं आमचं म्हणणं नाही. काही येतच नाहीत. त्यांची तक्रार जरूर करावी. पण तक्रार करणं वेगळं आणि अंगावर धावून जाणं वेगळं. दवाखान्यातल्या माणसांना मारणं, धमकावणं, त्यांच्या कामात अडथळा आणणं हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

खोलीच्या नळाचं आणि दिव्याचं काम ग्रामपंचायतीला जड नाही. गावात आरोग्याची समिती असते, तिच्यापुढे हा विषय काढावा. पगार आणि रिकाम्या जागा गावाच्या हातात नाहीत. पण ग्रामसभेत ठराव करून वर पाठवणं आपल्या हातात आहे. औषध नसेल तर नर्सबाईंशी भांडू नका. असा अर्ज लिहा, आणि खाली गावातल्या चारचौघांच्या सह्या घ्या:

"मा. वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, यांस. आमच्या उपकेंद्रात गरोदर बायांना द्यायच्या लोहाच्या गोळ्या गेला महिनाभर नाहीत. नर्सबाई वेळेवर येतात, त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. गोळ्या कधी येतील ते लेखी कळवावे. आपले, गावकरी."