जखम ओळखणारे यंत्र

यंत्र म्हटले की लोखंड, पोलाद आणि दातेरी चाके आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. अलीकडच्या काळात मात्र रबरासारख्या लवचीक पदार्थांपासून मृदू रोबोट घडविले जात आहेत. नाजूक फळ न चेपता उचलणे, माणसाच्या निकट राहून काम करणे यांसाठी ते उपयुक्त ठरतात. परंतु जे मऊ, ते लवकर चिरते. हवा भरून हालणाऱ्या अवयवाला एक छिद्र पडले तरी त्याचे काम थांबते.

यावर उपाय म्हणून आपोआप भरून येणाऱ्या पदार्थांचा शोध सुरू झाला. २००१ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी प्लॅस्टिकमध्ये सूक्ष्म कुप्या पेरल्या. तडा गेला की कुपी फुटे आणि आतील द्रव तो तडा सांधी. मात्र त्याच जागी पुन्हा तडा गेल्यास उपाय उरत नसे. २०१७ साली ब्रसेल्सच्या संशोधकांनी उष्णता दिल्यावर पुन्हा जुळणाऱ्या पदार्थाचे मृदू रोबोट बनविले. त्यांना बाहेरून उष्णता मात्र द्यावी लागे.

तरीही मूळ प्रश्न शिल्लक होता. जखम झाली हे यंत्राला कळणार कसे? कुष्ठरोगात हातापायांची संवेदना गेली की काटा वा चटका जाणवत नाही आणि लहानशी जखमही चिघळते. यंत्राचेही तसेच. त्याला जाणीव देणारा घटक म्हणजे संवेदक. तो ताठ असेल तर मऊ अंगाला अडथळा होतो. मऊ असेल तर अंगाबरोबर तोही चिरतो.

ही कोंडी फोडण्याचा महत्त्वाचा प्रयत्न अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट शेफर्ड यांच्या प्रयोगशाळेत झाला. २०२२ साली तो प्रसिद्ध झाला. तेथे संवेदक म्हणून पारदर्शक, ताणल्या जाणाऱ्या पॉलिमरची प्रकाशवाहिनी वापरली आहे. एका टोकाने प्रकाश सोडतात, दुसऱ्या टोकाशी तो मोजतात. वाहिनी वाकली, ताणली वा चिरली की पोहोचणारा प्रकाश बदलतो. चिरलेल्या कडा एकमेकींना टेकल्या की त्यांतील रासायनिक बंध साध्या तापमानालाच पुन्हा जुळतात.

असे संवेदक चार पायांच्या एका लहान मृदू रोबोटमध्ये बसविण्यात आले. त्याचा एक पाय सहा वेळा भोसकण्यात आला. प्रत्येक वेळी त्याने इजा ओळखली आणि सुमारे एका मिनिटात ती भरून आली. इजेच्या जाणिवेवरून तो आपली चालही बदलू शकला.

येथे दोन गोष्टींचे भान ठेवावयास हवे. यंत्राला वेदना होत नाही. ते केवळ प्रकाशातील बदल नोंदविते. तसेच हा पदार्थ अभेद्य नाही. आग वा आम्ल यांनी त्याची रासायनिक घडणच बदलली, तर तो नीट भरून येत नाही.

आम्ही इतिहासाचे अध्यापन करतो. ज्ञानाच्या वाटचालीत उत्तराइतकेच प्रश्नाच्या मांडणीला महत्त्व असते, हे या वीस वर्षांच्या प्रवासातून पुन्हा दिसते. प्रथम केवळ भेग सांधण्याचा विचार झाला. पुढे ती ओळखण्याचाही झाला. रसायनशास्त्र, प्रकाशशास्त्र आणि यंत्रशास्त्र एकत्र आले तेव्हाच हे साधले. आपल्या मुलामुलींनी विज्ञानाचे विषय वेगवेगळ्या कप्प्यांत न ठेवता शिकावेत, एवढेच आम्हांस यातून सुचवावयाचे आहे.